तारखेला भेटणारा भाऊ

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नळाला पाणी येणार म्हणून घागरी विसळत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मधुकरदादाला जाऊन आता दीड महिना होईल. त्या क्षणी रडू आलं नाही. आपण त्याला शेवटचं कधी पाहिलं, तेच आठवत राहिले... कोर्टातून परतताना, क्रांती चौकात. त्याला तीन वर्षं झाली होती.

चिकलठाण्याला वडिलांनी घेतलेला एक लांबट, अरुंद प्लॉट होता. रस्त्याला तोंड जेमतेम, मागच्या टोकाला विहीर. वडिलांमागे तो आम्हा दोघांच्या नावावर झाला. दादा वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, वहिनी नाहीत, मुलगा वाळूजलाच. दादा त्या प्लॉटवर पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. दुष्काळात आसपासच्या बोअर आटल्या, पण त्या विहिरीनं तळ दाखवला नाही. सगळी वस्ती तिथं पाण्याला यायची. दादानं कुणाला अडवलं नाही. मी मात्र नवरा गेल्यावर भाड्याची घरं बदलून थकले होते. प्लॉटभोवती इमारती उठत होत्या, भाव चढला होता. मी वाटणी मागितली. "जमीन वाटता येईल शकू, विहीर कशी वाटायची?" तो म्हणाला. मला ती टाळाटाळ वाटली. मी दावा लावला.

पहिल्या तारखेला त्यानं मला रिक्षातून उतरताना पाहिलं. पुढच्या वेळी क्रांती चौकात थांब, मी स्कूटरवर नेतो, म्हणाला. तेव्हापासून वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीवरून कोर्टात जाऊ लागले. फाटकाच्या अलीकडं तो गाडी थांबवायचा. "इथंच उतर. तुझा वकील बघंल." दुपारी लिंबाखाली बसून आम्ही त्याच्या डब्यातली भाकरी खायचो. दाव्याबद्दल अवाक्षर नाही... आईचं लोणचं, भाच्याची नोकरी, असलं काहीबाही बोलायचो. इतकं तर आम्ही आधी कधी भेटतही नव्हतो.

मग कोर्टानं नेमलेला कमिशनर मोजणीला आला. विहिरीवर बायकांची रांग होती, तिला बाजूला व्हायला सांगावं लागलं. टेपचं दुसरं टोक दादानंच धरलं होतं. अहवाल आला : दोन तुकडे केले तर एकाला रस्ता उरत नाही, दुसऱ्याला विहीर, दोन्हींची किंमत पडते. वकील म्हणाले, निम्म्या हिश्श्याच्या मालकानं मागितलं तर कोर्ट अशी जमीन विकायला लावू शकतं. मी अर्जावर सही केली. तुमचा भाऊ ठरलेल्या किमतीत तुमचा हिस्सा घेऊ शकतो, असंही त्यांनी सांगितलं. दादानं मुदत मागितली. त्या मुदतीत पैशांसाठी तो कुठं कुठं हिंडला, मला ठाऊक नाही. पुढच्या तारखेला स्कूटरवर, मागं न वळता म्हणाला, "नाय जमायचं, शकू."

अर्ज मागं घेते, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यानंही ते मागितलं नाही. फाटक आलं, मी उतरले.

विक्री झाली. घेणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात विहीर बुजवली. कोर्टाच्या शेवटच्या दिवशी दादानं मला क्रांती चौकात सोडलं. "आता तारीख नाय," म्हणाला. सुटल्यासारखं म्हणाला, असं मला तेव्हा वाटलं. मी माझा फ्लॅट घेतला. तो मुलाकडं राहायला गेला. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. भेटायला काही कारण लागतं, अशी आम्हाला सवयच लागली होती.

दादाचे दिवस झाल्यावर मी वाळूजला गेले. तिसरा मजला. सुनेनं पाणी दिलं, चहा ठेवला. त्याच्या खोलीत एक खाट, खिडकीतून कारखान्यांची छपरं. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, बाबा दिवसभर एकटेच असत, ती सांगत होती. चहा घेताना माझं लक्ष बाहेरच्या दाराकडं गेलं. ते सताड उघडं होतं. वाऱ्यानं लागू नये म्हणून उंबऱ्यापाशी एक पुरुषाची चप्पल अडकवलेली. तिनं माझी नजर ओळखली.

"बाबांचीच हाय. दार लावू द्यायचे नाहीत. कुणी आलं तर परत जायला नको, म्हणायचे."

"कोण यायचं?"

"कुणीच नाय, आत्या."

मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. मागं वळून पाहिलं... चप्पल अजून तिथंच होती, दार धरून.