जावयाच्या मशीनवरचं कुंकू

आज मी जावयाच्या मशीनवर पाय ठेवला. त्यांच्या वर्षश्राद्धाला, सगळ्या पाहुण्यांसमोर.

ज्यांना ते खटकलं त्यांनी पुढं वाचू नये.

सतीशराव, माझे थोरले जावई. धाराशिवला कोर्टात कारकून होते. मागच्या साली आजच्याच दिवशी खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हातात पेन तसाच होता म्हणे.

मला त्यांच्या हातात पेन आठवत नाही. गिटार आठवते.

एका धोंड्याच्या महिन्यात, जावयाला वाण द्यायचं म्हणून मी विचारलं, "अंगठी करू का?"

लाजले. "मामी, एक मशीन आहे. पायानं दाबायचं."

"शिवणकाम शिकताय का आता?"

लूपर म्हणतात त्याला. गिटारवर थोडं वाजवायचं आणि पायानं बटन दाबायचं. मशीन तेवढंच परत परत वाजवत राहतं. मग त्याच्यावर दुसरं वाजवायचं, त्याच्यावर तिसरं.
माणूस एकटा, आवाज अख्ख्या पार्टीचा.

मी म्हटलं, "का, जोडीला कुणी बसत न्हाय का तुमच्या?"

"न्हाय ना मामी," म्हणाले.

मग मी मशीन आणलं.

आता जावयाचं वाण म्हटल्यावर तसंच कसं द्यायचं? ताटात ठेवलं, ओलं कुंकू बोटानं चांगलं दाबून लावलं.
नेमकं बटनावर.

माझी लेक मंगल ओरडली, "आई, ते देवाचं न्हाय, करंटचं आहे."

कुंकू आत गेलं ते गेलंच. बटन अडकायला लागलं. दाबलं की अर्धा श्वास उशिरा घ्यायचं. मी दहा वेळा म्हटलं, दुकानात नेऊन साफ करून आणा.

"राहू द्या मामी. मीच जरा आधी दाबतो."

दर रविवारी दोघं माकणीला माझ्याकडं यायची. धाराशिवला घरमालक कटकट करायचा. इथं ओट्यावर सतीशराव चप्पल काढून बसायचे, टाच टेकलेली, अंगठा बटनावर. मी समोर शेंगा फोडत बसायची.

एकदा म्हटलं, "एकच गोष्ट किती वेळा सांगता हो?"

"तुमच्याकडूनच शिकलो की."

असं बोलायचे. वर हसायचे.

चांगलं वाजवता, असं मी एकदाही म्हटलं नाही.

आज जेवणं झाल्यावर त्यांचा दोस्त इम्रान आत आला. मोबाईल दुरुस्त करतो, गिटारही वाजवतो. मंगलनं ते मशीन त्याला द्यायचं ठरवलंय. मी वर्षभर देऊ दिलं नव्हतं.

त्यानं वायर जोडली आणि बटन दाबलं.

शेवटच्या रविवारचं होतं आत. एक खालचा ठेका, दोन गिटारी. मंगल दाराला धरून उभी राहिली.

इम्रान म्हणाला, "मामी, ही नुसती साथ आहे. याच्यावर धून वाजवायचे ते. ती भरलीच न्हाय यात."

फोन शोधले. कुणाकडंच नव्हती. मंगल म्हणाली, "मी तर चुलीपुढं असायचे."

म्हणजे साथ राहिली आणि धून गेली.

मग मी गुणगुणले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते जिथं थांबायचे तिथं थांबून.

मंगल बघतच राहिली. "आई, तुला पाठ आहे?"

"इतके रविवार कानावर आदळल्यावर काय होईल?"

इम्राननं गिटारवर बरोबर धरली. मग ती मशीनमध्ये भरायला गेला, तर दोन्ही वेळा सुरुवातच गायब. बटन उशिरा घेत होतं. त्यानं दोन्ही वेळा वरचा थर पुसला. तिसऱ्यांदा पाय मागं घेतला.

"मामी, भीती वाटते. हे अडकून जास्त वेळ दबलं तर खालचं त्यांचं वाजवलेलं पण पुसून जाईल. आधी खोलून साफ करतो."

"खोलायचं न्हाय. तुम्ही वाजवा. बटन मी बघते."

नमस्कार केला, कारण कुंकू होतं त्याच्यावर. मग पाय ठेवला. टाच टेकली, अंगठा वर. सगळे रविवार तोच पाय बघत होते मी.

जरा आधी दाबलं. लगेच उचलला.

घेतलं.

आता पुरं आहे. खाली सतीशराव, वर त्यांची धून, इम्रानच्या हातची.

मशीन इम्रान घेऊन गेलाय. एकच अट घातली, कुंकू पुसायचं नाही. मंगल पण टिकली लावते, मीच लावायला सांगितलं. कुणाला काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोला, तिच्याशी नको.

सतीशराव, चांगलं वाजवत होता तुम्ही.

तेव्हा म्हटलं असतं तर दोनदा वाजवलं असतं तुम्ही, म्हणून म्हटलं नाही. आता वाटतं, वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं.

सावकाश जावा.