कमान, फीत आणि माझी जाऊ

माझ्या जावेची तिरडी कमानीसमोर अडवली, कारण कमानीला लाल फीत बांधलेली होती आणि ती मंत्र्यानं कापायची होती.

ऊन डोक्यावर आलेलं, खांदेकरी घामाघूम. गावातून स्मशानात जायचा रस्ता त्याच कमानीखालून. कमान वहिनीसाहेबांच्या नावाची. वहिनीसाहेब म्हणजे आमच्या जुन्या आमदाराची बायको, मागंच वारलेली. वर सोनेरी अक्षरं, ‘मानवी हक्कांची कैवारी’. मी चौथी शिकले, एवढं वाचता येतं. ते लिहून घेणारा तिचाच पोरगा आडवा उभा होता.

“मावशी, मंत्री दुपारी येऊन राहिले. कमानीखालून पहिली मयतच गेली तर अपशकुन व्हतो. मागच्या पांदीनं न्या ना.”

“पांदीत गुडघाभर चिखल हाय. तू चार पावलं चालून दाखव, मग आमी येतो.”

“आईच्या नावाची कमान हाय, समजून घ्या.”

“तुह्या आईला समजलं व्हतं. तुला काहून समजंना?”

माझाच पुतण्या मागून म्हणाला, “काकू, जाऊ द्या, साहेबाला काहून चिडवता?” त्याची आई तिरडीवर, आणि याला साहेबाची काळजी.

पूर्वी आमच्या वस्तीची मयत त्या पांदीनंच जायची. गावचा रस्ता आम्हाला बंद होता. माझी सासू गेली तेव्हा वहिनीसाहेब आल्या, तिरडीपुढं चालू लागल्या आणि गावच्या रस्त्यानं आम्हाला स्मशानात घेऊन गेल्या. दगड आले. एक त्यांच्या खांद्याला लागला. आमदार घरात बसून होता, निवडणूक तोंडावर होती. मतं जातील म्हणाला. त्या म्हणाल्या, जाऊ द्या. मतं गेलीच. तो पडला, आणि पुढं मरेपर्यंत सांगत फिरला की रस्ता मी खुला केला. आता पोरगा कमान बांधून तेच सांगतो, फक्त आईचा फोटो लावून.

मी पुढं झाले आणि फीत ओढली. चांगल्या कापडाची होती, तुटेना. शेवटी दातानं तोडली. आहेत ते दोन-तीन दात कामी आले.

“मावशी, हे काय केलं!”

“माह्या जावेनं उद्घाटन केलं. मंत्र्याला म्हनावं, तू नुसता नारळ फोड.”

खांदेकऱ्यांपैकी एक हसला. तिरडी कमानीखालून गेली.

दुपारी नवी फीत आणली म्हणे. मंत्र्यानं कापली आणि भाषणात त्या माउलीनं गोरगरिबांसाठी देह झिजवला असं सांगितलं. दगडाचं कुणी बोललं नाही. बोलणार कोण? तिथं बसलेल्यांपैकी त्या दगडांच्या दिवशी कुणी आमच्यासोबत नव्हतं.

सासूच्या तिरडीमागं वस्तीतल्या ज्या बाया चालल्या, त्यांत माझी जाऊ होती. आता त्यांतली मी एकटी जिवंत आहे.