तिसऱ्या उंचवट्यावरचा ब्रेक

चौथ्या फेरीतही गाडी तिसऱ्या उंचवट्यावर जास्तच वेगात आली. लॅपटॉपवर लाल रेघ उमटली. असंच चालू राहिलं तर गाडीत ब्रेक लावणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट यांची नोकरी संपवणारा रिपोर्ट मलाच लिहावा लागणार होता.

राइड्सची सेफ्टी तपासणं हे माझं काम. जर्मनीतल्या कोलोनजवळच्या पार्कमधला हा लाकडी रोलर कोस्टर अगदी सुरुवातीच्या पद्धतीचा. आजच्या गाड्यांना रुळाच्या खालूनही चाकं असतात, त्यामुळे गाडी वर उचलली जात नाही. जुन्या डिझाइनमध्ये ती चाकंच नाहीत. गाडी रुळावर राहते ती निव्वळ वजनामुळे. म्हणून वेग सांभाळायला गाडीतच एक माणूस बसतो आणि लिव्हर ओढून ब्रेक लावतो. इथे सव्वीस वर्षं तो माणूस म्हणजे हेर ब्रांट. त्यांचा ब्रेक ठेवायचा की ऑटोमॅटिक बसवायचा, एवढंच मला ठरवायचं होतं.

टेस्टसाठी सीटवर पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे होते. ब्रेक कुठे लावायचा ते मी हिशेब करून काढलं होतं आणि तिथे कठड्यावर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

माझ्या बॉस फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लेमान यांचा फोन आला. "आल्झो, तर मग काय ठरलं?"

"वेग जास्त येतोय."

"मग ऑटोमॅटिक लिहा. दुपारपर्यंत पाठवा."

लिहिण्याआधी मी ब्रांटना कॉफी नेऊन दिली. "रोज एवढाच वेग असतो?"

"नाही. आज मी तुमच्या पट्टीवर ब्रेक लावतोय. सकाळचं दव आहे, ओल्या रुळावर ब्रेक घसरतो. एरवी मी बराच आधी लावतो."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रोसिजर तुमची आहे, फ्राऊ कांबळे. मी त्यावर सही केलीय."

मी चाकणला कारखान्यात आठ वर्षं काढलेली. तिथला ऑपरेटर कागद वाचतानाच म्हणायचा, "मॅडम, हे असं नाही चालायचं." कुणी गप्प आहे म्हणजे सगळं बरोबर आहे, असं मी इथेही धरून चालले. आणि हा माणूस नोकरी जाताना बघत होता, पण सही केलेल्या कागदाबाहेर पाऊल टाकत नव्हता. मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

मी पट्ट्या काढल्या. "आता तुमच्या पद्धतीने."

"लेखी द्याल?"

दिलं. तीन फेऱ्या ओल्या रुळावर झाल्या, तीन ऊन आल्यावर. ब्रेक दर वेळी वेगळ्या जागी लागला, वेग मात्र मर्यादेत राहिला.

हाताचा ब्रेक राहिला. अट एकच घातली, ब्रांटनी आणखी दोघांना शिकवायचं. ब्रेकच्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं होतं. फ्राऊ लेमाननी ते खोडून 'प्रशिक्षित ब्रेकवाला' असं केलं. ते बरोबरच होतं.

तेव्हापासून माझ्या टेस्टच्या कागदावर सहीच्या वर एक ओळ असते: 'तुम्ही हे वेगळं कसं कराल?' पुढच्या तपासणीत हेर ब्रांट यांनी ती भरली. दोन पानं जोडून.