शंखाची तेरवी

परवा नातीने मला वाचून दाखवलं, की समुद्रातल्या कुठल्याशा गोगलगाईच्या विषापासून म्हणे दुखण्यावरचं औषध काढलंय, आणि स्पंजासारख्या जिवांत कर्करोगावरची औषधं सापडताहेत. "आजी, आहे ना आश्चर्य?" मी म्हटलं, कसलं डोंबलाचं आश्चर्य! वऱ्हाडातल्या ज्या नांदुऱ्यात कोणी समुद्र बघितला नव्हता, तिथे आम्ही समुद्रातले जीव तूपसाखरेत कालवून चाटायचो. आणि त्यातल्या एकाची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, मी स्वतः रांधली आहे. नात हसली. तिला वाटलं, म्हातारी सटकली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नांदुऱ्यात नुकतीच सून झाले होते; नवरा नोकरीसाठी परगावी. सासरे वैद्य. मुंबईहून रेल्वेच्या पार्सलाने त्यांच्याकडे शंख, कवड्या, प्रवाळाच्या काड्या यायच्या. शंख लिंबाच्या रसात उकळायचे, मातीच्या दोन परळांत बंद करायचे, वरून चिखलात बुडवलेलं फडकं गुंडाळायचं आणि गोवऱ्यांच्या आगीत भाजायचं. दुसऱ्या दिवशी परळ उघडले की आत पांढरी राख. हे शंखभस्म. पित्तावर याच्या तोडीचं औषध नाही, असं सासरे सांगायचे, आणि त्याचा चालताबोलता दाखला घरातच होता. सासूबाईंच्या पोटात अशी आग पडायची, की भस्माची पुडी चुकली तर घास आत ठरत नसे.

सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि जिभेवर सून. मी अमरावतीला दोन वर्षं विज्ञान शिकून आलेली, म्हणजे अर्धवट शहाणी, म्हणजे जास्तच धोक्याची. अंगात रक्त कमी म्हणून मी एकदा मागच्या अंगणात स्टोव्हवर अंडं उकडलं. एकच. सासूबाईंनी पातेलं उकिरड्यावर फेकलं, स्टोव्हवर गोमूत्र शिंपडलं आणि शेजारणींच्या देखत म्हणाल्या, "जीव खाणारी सून भेटली वो मले!"

माझं टाळकं सरकलं. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही दोन वेळा काय चाटता ते ठाऊक आहे? शंख म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं घर. तिच्याच अंगातून निघालेलं. अंड्याचं टरफल आणि तुमचं भस्म, दोन्ही एकाच मालाची!"

शेजारणींनी पदर तोंडाला लावले. सासूबाई थेट सासऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हाव का जी? जीव असते त्यात?"

सासरे कपाटात काहीतरी शोधू लागले. त्यांना अर्थातच ठाऊक होतं. पण विचारलंच नाही कोणी, तर सांगायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. ते शोधतच राहिले, तेव्हा सासूबाईंना उत्तर मिळालं. त्या दिवसापासून पुडी बंद.

मी आधी मनातल्या मनात फुगडी घातली. मग वाद जिंकायचाच म्हणून म्हटलं, "मग देवघरातल्या शंखाचं काय?" तासाभरात देवघरातला शंख तुळशीच्या मुळाशी पुरला गेला. नथीचे मोती डबीत गेले. बैलांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा उतरल्या. मग त्यांचा हात मंगळसूत्रातल्या पोवळ्याकडे, म्हणजे समुद्रातल्या जिवांच्याच प्रवाळाकडे, गेला आणि सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे कोन व्हय?" सासूबाईंनी मला विचारलं.

सासरे माझ्याकडे असे बघत होते, की दगडालाही पाझर फुटावा. "दगड आहे," मी म्हणाले. विज्ञानाशी केलेली माझी ती पहिली बेइमानी.

चार दिवसांत गंमत संपली. आवळा झाला, ज्येष्ठमध झालं, कशानेही आग थांबेना. घोटभर दूध घेतलं तरी आंबट होऊन बाहेर. स्टेशनाजवळच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर, "त्याच्या गोळीत कोन बसून राह्यलं, काय मालूम!" पाचव्या दिवशी त्या पोटाशी पाय घेऊन पडून राहिल्या आणि मला काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र मला भीती वाटली. हे सगळं माझ्या तोंडाने केलं होतं.

सासरे उशाशी बसून समजावत होते. "अवो, आगीत गेल्यावर मांस राह्यते काय? राख उरते. तेच तं आपण कपाळाले लावतो."

सासूबाईंनी डोळे उघडले. "म्हंजे जाळलं तुमी त्याले. आन तेरवी?"

"कोनाची?"

"त्याची! जाळायले तुमी, खायले मी, आन त्याच्यासाठी पत्रावळ कोनं मांडली? तेरवी करा. कावळा शिवला तं घेतो पुडी."

झालं. आजवर जाळलेल्या सगळ्या शंखांची मिळून एक तेरवी ठरली. स्वयंपाक अर्थातच माझ्याकडे. वरण, भात, वडे, खीर. सासूबाई आतून कण्हत कण्हत सूचना देत होत्या. "वरणात मीठ जास्त टाक. समुद्रातला जीव हाय, त्याले अळणी कसं जाईन?"

दुपारी आम्ही तिघं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, गेलो. सासूबाईंना धरून न्यावं लागलं. पत्रावळ मांडली. कावळा समोरच्या कडुलिंबावर होता, पण हलेना. आता मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ती ओळखून वचन द्यायचं, ही रीत. सासऱ्यांनी हात जोडले. "बाप्पा, याच्यापुढे उकळायच्या आधी तुले नमस्कार करत जाईन." कावळा हलला नाही. मी म्हटलं, "अंडं सोडलं." त्याने आमच्याकडे पाठ केली.

ऊन तापलं. सासूबाईंना घाम फुटला होता, ओठ कोरडे पडले होते. सासरे हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. खराच पाहिजे. आणि मग त्या वाकल्या, पोट दाबून तिथेच बसल्या.

माझा बांध फुटला. मी कावळ्यावर ओरडले, "अरे मुडद्या, शिव ना! चूक माझी आहे, तिची नाही! ही गेली तर मी भांडू कोणाशी? या घरात माझ्याशी बोलतं कोण दुसरं? माहेरी कोणी नाही मला, ही एकच आहे!" आणि मी धाब्यावर बसून लहान पोरीसारखी रडले. कावळा माझ्या आवाजाने उडाला आणि थेट स्टेशनाकडे गेला.

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे वळल्या. "इतकं तं तुमी बी माह्यासाठी कवा बोलले नाही. जाऊ द्या तो कावळा. आना पुडी."

सासरे त्या वयात जिना दोन-दोन पायऱ्या उतरले. वाटीत तूपसाखर आणि भस्म कालवून आणलं. मी माझ्या बोटाने सासूबाईंना चाटवलं. त्यांनी वाटी निपटून खाल्ली, भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने चेहऱ्यावर रंग आला.

"हां," त्या म्हणाल्या, "भांड आता."