याआधी असे काही झाले होते का?

चेतापेशीची आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे, की डोळे मिटले तरी हात चुकणार नाही. आधी पेशीकाय, मग लांब तंतू, आणि तंतूभोवती मायलिनचे आवरण. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते तसे ते समजा, असे मी समुद्रपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलींना सांगत असे. ते झिजले की संदेश अडखळतो. परीक्षेच्या दृष्टीने हा दोन गुणांचा प्रश्न होता. त्या आवरणाचा माझ्या घराशी काही संबंध येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

लिहिण्याची मला सवय नाही. वर्गाबाहेर चार माणसांसमोर बोलणेही मी टाळते. पन्नाशी ओलांडल्यावर लिहायला बसले, त्याचे कारण एवढेच, की दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांच्या अंतराने मला एकच प्रश्न विचारला. दोन्ही वेळा माझी धाकटी बहीण समोर होती, आणि माझी दोन्ही उत्तरे तिला भोगावी लागली.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माझे लग्न जमले नाही. पाहुणे येत, पोहे खात, आणि नंतर निरोप येत नसे. पुढे पाहुणे येणेही थांबले. त्यामुळे आईने आपली सगळी आशा धाकटीवर ठेवली होती. धाकटीसाठी सिंदी रेल्वेचे स्थळ आले तेव्हा आई कित्येक वर्षांनी मोकळेपणाने हसलेली मी पाहिली. मुलाचे बी-बियाण्यांचे दुकान होते, स्वभाव शांत होता, आणि चौकशीत कुठे खोट निघाली नव्हती.

पाहुणे यायला दहा दिवस असताना बहीण नवी साडी अंगावर धरून आरशासमोर उभी होती. तिने एक डोळा झाकला, मग दुसरा.

“ताई, ह्या डोळ्यानं लाल दिसते, अन् ह्या डोळ्यानं विटकरी. असं काऊन?”

“साडीच विटकी असन,” मी म्हणाले. मी हसलेही.

दोन दिवसांत डावा डोळा हलवला की दुखू लागला आणि समोर धुके आले. मी आणि आई तिला वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ तपासले. डोळ्यामागच्या नसेला सूज आहे, ती बहुधा उतरेल, नजरही परत येईल, असे ते म्हणाले. मात्र कधी कधी ही एका मोठ्या आजाराची पहिली खूण असते, तेव्हा नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून एमआरआय करून घ्या, असेही त्यांनी बजावले.

परतीच्या एसटीत मी आईला समजावू लागले. तिने माझे पुरते ऐकूनही घेतले नाही.

“आठ दिवसांनी पाव्हणे येऊन राह्यले, अन् तू मेंदूचे डाक्टर काढून राह्यली? नागपूरले गेलो म्हणलं का साऱ्या गावाले समजते. डोळे आले होते म्हणून सांगू. थंडीचे येतेच डोळे.”

“पण आई, डॉक्टरनं सांगतलं ना—”

“एवढी शिकली तू, तं तुह्यं का भलं झालं?”

त्यावर मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बहीण आमच्या दोघींच्या मध्ये, डोळ्यावर रुमाल धरून बसली होती.

पाहण्याच्या दिवशी मी बैठकीतल्या खुर्च्या हलवल्या. बहिणीची खुर्ची अशा रीतीने मांडली, की सगळे पाहुणे तिच्या उजव्या हाताला यावेत. मुलाच्या आईने तिला पेपर वाचून दाखवायला सांगितले. वाचताना पेपर थोडा उजवीकडे धरायचा, हे मी तिला आदल्या दिवशीच शिकवले होते. तिने न अडखळता वाचले. माझ्या शिक्षणाचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला.

लग्नापर्यंत डोळा निवळला. लाल पुन्हा लाल दिसू लागले. “पाह्य,” आई मला म्हणाली, “का होतं? काईच नोतं.”

चार वर्षांनी, मे महिन्यात, सिंदीला बहिणीच्या तळपायांना मुंग्या आल्या. मग कमरेभोवती कोणी पट्टा आवळावा तसे वाटू लागले, आणि एका सकाळी ओट्याच्या पायरीवरून तिला पाय उचलता येईना. तिला मोठ्या दवाखान्यात दाखल केल्याचे कळताच मी गेले. मणक्याच्या एमआरआयमध्ये एक पांढरा ठिपका दिसला होता. डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या, पण त्यांनी नीट थांबून विचारले :

“याआधी असे काही झाले होते का? डोळ्याने अंधुक दिसणे, मुंग्या, तोल जाणे?”

खोलीत बहिणीचे यजमान होते, आणि सासूबाई पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. बहिणीने डॉक्टरांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. ती नजर विनवणीची आहे, असे मी त्या क्षणी ठरवून टाकले. कदाचित तो प्रश्न असेल. तिला मी ते कधीच विचारले नाही.

“नाही,” मी म्हणाले.

त्या एका शब्दाने काय झाले, हे आज मला ठाऊक आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस ओळखायचा तो निरनिराळ्या वेळी, शरीराच्या निरनिराळ्या जागी उमटलेल्या खुणांवरून. एकच वेळ आणि एकच जागा असेल तर डॉक्टर वाट पाहतात. दुसरी खूण दिसली की शोध सुरू होतो. माझ्या उत्तराने पहिली खूण पुसली गेली. ही एकदाच येऊन जाणारी सूज असू शकते, असे म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस स्टिरॉइडचे सलाईन दिले आणि मेंदूच्या एमआरआयसाठी सहा महिन्यांनी बोलावले. बहीण तीन आठवड्यांत चालू लागली.

“पाय चालून राह्यले ना?” सासूबाई म्हणाल्या. “मंग त्या मशीनीत परत काऊन घालाचं लेकराले?”

तो एमआरआय राहूनच गेला. सासूबाईंचे काही चुकत नव्हते. त्यांना जे ठाऊक होते, त्यावरून त्या बोलत होत्या. जे ठाऊक नव्हते, ते माझ्याकडे होते.

नंतरची वर्षे मी तुकड्यातुकड्यांनीच आठवू शकते. या रोगात उष्णतेने अंग आणखी गळते. उन्हाळा लागला की बहीण ओले फडके मानेवर टाकून न्हाणीघरातल्या फरशीवर बसून राही, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणत, “ऊन तं साऱ्याइलेच लागते. हिचंच काय नवाल!” मग एकदा तिचा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. त्या वेळी मेंदूचा एमआरआय झाला, त्यात जुन्या-नव्या ठिपक्यांची गर्दी दिसली, आणि आजाराला नाव मिळाले. औषध सुरू झाले. नवे झटके थांबले, पण गेलेले परत आले नाही. आधी काठी आली, मग वॉकर, आणि बाहेर जाण्यासाठी चाकांची खुर्ची.

मी वाचू लागले. दुसरे काही करता येत नसले की शिकलेली माणसे वाचतात. बहुतेक सर्वांनाच लहानपणी किंवा तरुणपणी गाठणारा एक साधा विषाणू या रोगाच्या मुळाशी असावा, असे आता संशोधक म्हणतात. विषाणू काही पांढऱ्या पेशींत आयुष्यभर मुक्काम करतो. त्याच्या एका तुकड्याचे चेहरेपट्टी जुळावी तसे साम्य चेतासंस्थेतल्या एका प्रथिनाशी असते, आणि शरीराचे रक्षक फसून आपल्याच तंतूंवर चालून जातात. पण सगळ्यांना गाठणारा विषाणू इतक्या थोड्यांनाच का छळतो, हे अजून कोणालाही पुरते सांगता येत नाही. जनुके, धूर, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव, अशी नावे घेतली जातात. कडक उन्हाच्या प्रदेशात हा रोग कमी आढळतो, हे वाक्य वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. त्या पांढऱ्या पेशी कमी करणारी औषधे आली आहेत, झटके ती चांगली रोखतात. मात्र मेंदूच्या आत मंद धुमसत राहणारा दाह त्यांना फारसा जुमानत नाही, आणि झिजलेले आवरण पुन्हा चढवणारे औषध अजून प्रयोगातच आहे. लेख कोणताही काढला, तरी त्यात एक वाक्य हटकून येई : उपचार जितका लवकर, तितके बरे. ते वाक्य आले की मी पान उलटत असे.

मागच्या दिवाळीनंतर बहीण आणि तिचे यजमान महिनाभर माझ्याकडे राहायला आले. सासूबाई आणि माझी आई, दोघीही आता नाहीत. नागपूरहून एक संशोधक डॉक्टर, जेमतेम तिशीची मुलगी, रुग्णांच्या घरी जाऊन माहिती घेत होती. तिची दोन कामे होती. एकात रोगाच्या कारणांच्या अभ्यासासाठी रक्त घ्यायचे होते. दुसरे एका नव्या औषधाच्या चाचणीचे होते. मेंदूच्या आतला तो धुमसता दाह शांत करता येतो का, हे त्यात पाहायचे होते. अटी तिने आधीच पाठवल्या होत्या. वॉकर धरून ठरावीक अंतर चालता आले पाहिजे, आणि पहिल्या लक्षणाला ठरावीक वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा.

चालण्याची अट वाचल्या दिवसापासून बहीण माझ्या पडवीत रोज सकाळी चालण्याचा सराव करू लागली. यजमान मागून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन चालत.

“आज दोन पावलं जास्त,” ती धापा टाकत म्हणे.

“दोन नाई, दीड,” यजमान म्हणत. “दुसरं घसरलं होतं.”

“मास्तर हून राह्यले का तुम्ही? ताईची हवा लागली वाटते!”

ती तशी हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

वर्षांची अट मी मनातल्या मनात तपासली होती. मणक्याच्या झटक्यापासून मोजले तर ती बसत होती. डोळ्यापासून मोजले तर बसत नव्हती. तिनेही तेच मोजले होते. संशोधक यायच्या आदल्या दुपारी यजमान औषधे आणायला गेले असताना ती म्हणाली, “ताई, डोळ्याचं काढू नको.”

“ती अट उगाच नसते गं. जुन्या रोगाले हे औषध सोसन का नाई, अजून कोणालेच माहीत नाई. तुले इन्फेक्शनही घडीघडी होते.”

“मले चालाचं हाय. इतके वर्षं चूप राह्यली ना तू? अजून एक दिवस राह्य.”

मी तिला वचन दिले नाही. नकारही दिला नाही. तिने माझ्या गप्प राहण्याचा नेहमीचा अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी ती ठरलेले अंतर चालली, वर चार पावले जास्तच. संशोधक मुलीने मनापासून तिची पाठ थोपटली. मग फॉर्म काढला. पहिल्या झटक्याचे वर्ष यजमानांनी सांगितले, सिंदीचे. मुलीने ते लिहिले आणि माझ्याकडे वळून सहज विचारले :

“मॅडम, तुम्ही मोठ्या बहीण ना? याआधी असे काही झाले होते का? डोळ्याला वगैरे?”

या वेळी बहीण माझ्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या पायांकडे पाहत होती.

“हो,” मी म्हणाले.

मी तिच्या जिवाला जपले, की माझ्या मनाला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या चाचणीतून पुढे कोणासाठी तरी खरे उत्तर निघायचे होते आणि त्यात मी खोटी नोंद घालू नये, असाही विचार होता. पण तो विचार तेव्हा आला की नंतर मी जोडला, याचीही मला खात्री नाही.

“कवाचं?” यजमानांनी विचारले.

मी सगळे सांगितले. वर्ध्याचे डॉक्टर, एसटी, खुर्च्या, पेपर. मोठ्या दवाखान्यातले माझे ‘नाही’ही सांगितले. ते आवाज न चढवता म्हणाले, “ताई, मी तं तवाही लग्नाले हो म्हणलं असतं. अन् दुसऱ्या दिवशी नागपूरले नेलं असतं हिले.”

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर ते मला सोसले असते.

मुलीने फॉर्मवरचे वर्ष खोडले. औषधाच्या चाचणीत आता घेता येणार नाही, असे तिने खाली पाहत सांगितले. कारणांच्या अभ्यासासाठी रक्त मात्र चालेल, द्याल का, असे विचारले. बहिणीने हात पुढे केला. तिची शीर सापडायला वेळ लागला. तीनदा सुई टोचावी लागली.

मुलगी गेल्यावर मी पाण्याचा पेला घेऊन बहिणीजवळ गेले. तिने तो घेतला नाही.

“जवा हो म्हणाचं होतं, तवा तू नाई म्हणलं,” ती म्हणाली. जीभ जड असल्यामुळे तिला एकेक शब्द मांडून बोलावे लागते. “अन् जवा नाई म्हणाचं होतं, तवा तुले खरं सुचलं. तुह्यं शिकणं मलेच भोवलं, ताई.”

“तुले काही झालं असतं तं—”

“मले व्हाचं का राह्यलं आता?”

महिना पुरा व्हायला दहा दिवस होते. ती दोघे तिसऱ्याच दिवशी निघाली. सकाळचा सराव त्या दोन दिवसांत झाला नाही, आणि कोणी त्याचा विषयही काढला नाही. यजमानांनी तिला उचलून गाडीत पुढे बसवले, पट्टा लावला, चाकांची खुर्ची घडी करून मागे ठेवली. मला नमस्कार करून म्हणाले, “येजा ताई, सिंदीले.” त्यांचा सूर नेहमीचाच होता. त्यांनी तो मुद्दाम तसा ठेवला असावा.

गाडी चौकात वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. बहिणीने मागे वळून पाहिले नाही. मान वळवणे तिला आता जमत नसेल, असे मी स्वतःला सांगितले. तिला ते जमते, हे मला ठाऊक आहे.