दोरीशी बसलेली आत्या

आत्या विमानातून उतरायच्या आधीच गल्लीत बातमी पोचली होती. परदेशात मुलाकडे गेलेल्या आत्याने तिथल्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी भर रस्त्यात गोंधळ घातला आणि पोलिसाने तिला धरून घरी आणून सोडलं.

पोलीस आला होता, हे खरं. पण त्याने धरलं होतं ते पातेलं.

आत्याने उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली आणि बाहेरच्या अन्नाला कधी बोट लावलं नाही. डेपोच्या कॅन्टीनमध्ये बसून घरचा डबा खायची आणि वर कॅन्टीनवाल्याकडेच मीठ मागायची. म्हणूनच तिच्या नकला करून गल्लीला हसवणाऱ्या भाचीने पैज लावली की आत्या तिथलं काही चाखायचीसुद्धा नाही. तसं झालं तर तिकिटं पंच करायचा आत्याचा जुना चिमटा भाचीचा. आत्याने खाल्लं, तर महिनाभर नक्कल बंद.

"बघ हं," आत्या म्हणाली, "तोंडाला कुलूप लावावं लागेल."

बोलायला बोलून गेली, पण तिथे घास काही उचलवेना. सून प्रेमाने वाढायची आणि ही आपली पिशवीतला कोरडा खाऊ कुरतडत बसायची. चिमटा हातचा जाणार, या विचाराने तिचा जीव वरखाली व्हायचा.

सुट्टीच्या दिवशी मुलाने तिला खाली नेलं. वाहनं बंद, खिडक्यांत झेंडे, रस्त्याच्या मधोमध लांबच लांब टेबलं आणि त्यांवर झाकलेली पातेली. आत्याला खुर्ची मिळाली ती नेमकी खांबाशी, घंटेच्या दोरीखाली. एक गृहस्थ भाषण करत होते. थांबले की लोकांना वाटे संपलं, आणि ते पाणी पिऊन पुन्हा सुरू. पोरं टेबलावर मान टाकून पेंगायला लागली. आत्याच्या लेखी हे म्हणजे गाडी भरली, वेळ झाली, तरी ड्रायव्हर खाली उतरून गप्पा मारतोय. गृहस्थांनी पुन्हा पेला उचलला आणि आत्याचा हात कंडक्टरच्या सवयीने वर दोरीकडे गेला.

टण, टण.

झाकणं भराभर उघडली, टाळ्या पडल्या. पण जेवणाला कुणीच हात लावेना. सगळी आळी हातात चमचे धरून आत्याकडेच बघत बसली.

"आई," मुलगा कानाशी म्हणाला, "घंटा वाजवेल त्याने पहिला घास घ्यायचा. तोवर बाकीच्यांनी थांबायचं."

एवढ्या नोकरीत आपल्या एकटीपायी तिने गाडी कधी खोळंबवली नव्हती. तिने डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. आंबटसर, दाट, वर कच्चा कांदा. डोळे उघडले ते पातेल्याकडे बघतच. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा नको म्हणताना मान उभीच हलली. उरलेलं पातेलं लोकांनी तिलाच देऊन टाकलं आणि बंदोबस्ताचा पोलीस ते उचलून जिना चढून दारापर्यंत आला.

आत्या परतल्यावर गल्ली जमली, तेव्हा सगळ्यांनी भाचीला पोलिसाची नक्कल करून दाखव म्हणून गळ घातली. ती ओठ घट्ट मिटून बसली. मग आत्याच उठली, पोट पुढे काढलं, कोपरं फाकवून हवेतलं पातेलं धरलं आणि जिना चढू लागली. गल्ली हसून लोळली. सगळ्यांत जास्त हसली ती भाची, तोंडावर हात दाबून.

चिमटा आत्याच्या कमरेला होता.