खांबाला सांगितलेली बातमी

आमच्या दिवाणखान्यात पुठ्ठ्याचा एक मुखवटा लटकतो. आम्ही एक प्राचीन ग्रीक नाटक तिकडच्यासारखे मुखवटे घालून मराठीत केलं, तेव्हा मी त्यात दूत होतो. राणी गेल्याची बातमी राजाला सांगायची, एवढंच काम. ऐन प्रवेशात मुखवटा घसरला, डोळ्यांची भोकं गालांवर आली, आणि मी ती बातमी राजाऐवजी रंगमंचावरच्या खांबाला सांगितली. आता लोक हसणार, अख्खं नाटक बुडणार, म्हणून मी आत घामाघूम. पण सभागृह चिडीचूप.

नंतर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं केलंस, खांबाकडे बघितलंस. असली बातमी माणसाच्या तोंडाकडे बघून सांगवते का रे?"

तेव्हापासून मुखवटा दिसला की वाटतं, तिकडे ग्रीसमध्ये हे काम करणाऱ्या त्या पहिल्या दूतानं कुठे पाहिलं असेल? काकूंना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. सांगेन कधीतरी, खांबाकडे बघून.